पाच आठवड्यांचा गव्हर्नर

पिंकनी बेंटन स्ट्युअर्ट पिंचबॅक हा अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या गव्हर्नरपदावर बसलेला पहिला कृष्णवर्णीय माणूस. लुइझियाना राज्याचा कारभार त्याच्याकडे ९ डिसेंबर १८७२ ते १३ जानेवारी १८७३ असा जेमतेम पाच आठवडे होता. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव बहुधा तेवढ्यापुरतेच येते. त्याची खरी हकीकत मात्र त्या पाच आठवड्यांच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली आहे. बोटीवरचा पोऱ्या, पत्त्यांतला जुगारी, पलटणीतला कप्तान, आमदार, वृत्तपत्राचा मालक आणि पक्का सौदेबाज राजकारणी अशी त्याची एकेक रूपे. यातले शेवटचे रूप त्याच्या चाहत्यांना फारसे आवडत नाही, पण ते बाजूला ठेवले तर बाकीच्यांचा मेळ लागत नाही.

त्याचा जन्म १० मे १८३७ रोजी जॉर्जियातल्या मेकन इथे झाला. बाप विल्यम पिंचबॅक हा गोरा मळेवाला, आई एलायझा स्ट्युअर्ट ही त्याचीच एकेकाळची गुलाम. मूल कुणाचे हे दक्षिणेतल्या कायद्यात आईवरून ठरे. आई गुलाम तर मूलही गुलाम, मग बाप कितीही मोठा असो. एलायझाला मालकाने आधीच मुक्त केलेले असल्यामुळे पिंकनी जन्मतः स्वतंत्र ठरला. पुढे मिसिसिपी राज्यातल्या मळ्यावर तो बऱ्यापैकी सुखात वाढला आणि नऊ-दहा वर्षांचा असताना थोरल्या भावाबरोबर त्याला ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात शाळेला धाडण्यात आले.

हे सुख फार टिकले नाही. १८४८ मध्ये बाप वारला आणि मळ्यावर नातेवाइकांनी हक्क सांगितला. मुक्त झालेल्या बाईलाही पुन्हा गुलाम ठरवून विकणे अशा वेळी अवघड नसे. एलायझा मुलांना घेऊन सिनसिनाटीला निघून गेली. वारशातली दमडीही हाती लागली नाही. थोरल्या भावाचे मानसिक संतुलन ढळले आणि घराचा भार बारा वर्षांच्या पिंकनीवर आला. महिना आठ डॉलर पगारावर तो कालव्यातल्या बोटीवर पोऱ्या म्हणून लागला.

पुढची दहा-बारा वर्षे पाण्यावर गेली. कालव्यावरून तो मिसिसिपी आणि मिझुरी नद्यांतल्या मोठ्या आगबोटींवर आला आणि वाढपी-नोकरांवरचा मुख्य, म्हणजे स्टुअर्ड, झाला. त्या बोटींवर काळ्या माणसाला याहून वरची जागा मिळत नसे. त्याच बोटींवर जॉर्ज डेव्हल नावाचा नामांकित पत्तेबाज होता. त्याच्या हाताखाली पिंचबॅकने जुगाराचे धडे घेतले. डेव्हलने १८८७ मध्ये आपल्या आठवणी छापल्या, तेव्हा एव्हाना मोठा पुढारी झालेल्या या जुन्या चेल्याचा उल्लेख त्याने मोठ्या अभिमानाने केला. समोरच्याच्या हातात काय आहे याचा अंदाज घेणे, आपला पत्ता वेळेआधी न दाखवणे, हरणारा डाव ओळखून उठणे ही विद्या पिंचबॅकला राजकारणात किती उपयोगी पडली असेल याचा अंदाज पुढच्या घटनांवरून येतो.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी उत्तरेच्या आरमाराने न्यू ऑर्लिन्स घेतले. पिंचबॅक तेव्हा दक्षिणेच्या ताब्यातल्या याझू सिटीत बोटीवर होता. तो बोट सोडून निसटला आणि न्यू ऑर्लिन्सला पोचला. तिथे पाऊल टाकताच मेहुण्याशी मारामारी झाली, चाकू चालला आणि त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. फौजेत भरती होण्याच्या बोलीवर तो लवकरच सुटला. जनरल बटलर त्या वेळी काळ्या सैनिकांच्या पलटणी उभ्या करत होता. पिंचबॅकने माणसे जमवली आणि 'नेटिव्ह गार्ड'च्या दुसऱ्या पलटणीत एका कंपनीचा तो कप्तान झाला.

बटलरच्या जागी जनरल बँक्स आला आणि वारे फिरले. काळ्या शिपायांना त्याची हरकत नव्हती, पण काळे अधिकारी त्याला नको होते. गोरे अधिकारी सलाम करत नसत, बढती मिळत नसे, परीक्षेच्या नावाखाली एकेकाला काढले जाई. सप्टेंबर १८६३ मध्ये पिंचबॅकने राजीनामा दिला.

युद्ध संपल्यावर दक्षिणेतल्या जुन्या मळेवाल्यांनी राज्य सरकारे पुन्हा हातात घेतली. जुलै १८६६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये काळ्यांना मताधिकार द्यावा म्हणून जमलेल्या लोकांवर जमाव आणि पोलीस तुटून पडले आणि कित्येक जण मारले गेले. या प्रकाराने उत्तरेतले जनमत खवळले. मार्च १८६७ मध्ये काँग्रेसने पुनर्रचनेचे कायदे केले. दक्षिणेतली राज्ये लष्करी अंमलाखाली आली, काळ्या पुरुषांना मत मिळाले आणि प्रत्येक राज्याने नवी घटना करावी असे ठरले. लुइझियानाच्या लोकसंख्येत काळे निम्म्याहून किंचित जास्त होते. तेव्हा तिथे काय होऊ घातले आहे हे कुणालाही कळत होते.

अलाबामात सभा घेत फिरणारा पिंचबॅक न्यू ऑर्लिन्सला परतला, आपल्या प्रभागात त्याने रिपब्लिकन पक्षाचा क्लब काढला आणि घटना परिषदेवर निवडून गेला. या परिषदेत काळे आणि गोरे सभासद जवळजवळ सारखेच होते. तिने केलेल्या १८६८ च्या घटनेत दोन कलमे विशेष होती. सार्वजनिक वाहने आणि परवानाधारक जागा सर्वांना सारख्याच खुल्या राहतील, असे तेराव्या कलमात होते. त्यामागे पिंचबॅकचा मोठा हात होता. वंश पाहून सरकारी शाळा वेगळ्या काढता येणार नाहीत, असे दुसऱ्या कलमात म्हटले होते. अमेरिकेतल्या पुष्कळशा उत्तरेकडच्या राज्यांतही तोवर एवढे लिहिले गेले नव्हते.

१८६८ च्या निवडणुकीत राज्याच्या सिनेटची जागा त्याने गमावल्याचे आधी जाहीर झाले. त्याने मोजणीला आव्हान दिले आणि जागा मिळवली. तेराव्या कलमाला दात देणारा नागरी हक्कांचा कायदा १८६९ मध्ये मंजूर झाला, त्यातही तो पुढे होता. पण कायदा झाला म्हणून वागणूक बदलली असे नव्हे. १८७१ मध्ये त्याच्याच कुटुंबाला रेल्वेच्या शयनयान डब्यात जागा नाकारली गेली आणि आमदार असूनही त्याला कंपनीवर दावा लावावा लागला.

एकीकडे त्याने पैसाही केला. सिझर अँटॉइन या सहकाऱ्याबरोबर कापसाची दलाली केली, डिसेंबर १८७० मध्ये 'लुइझियानियन' हे वृत्तपत्र काढून अकरा वर्षे चालवले. शहराच्या बागेसाठी जमीन घेण्याच्या व्यवहारात उद्यान मंडळाचा सभासद या नात्याने त्याने हात धुऊन घेतले असा आरोप झाला. त्याच नफ्याच्या वाटणीवरून अँटॉइनशी त्याचे फाटले, यावरून आरोपात तथ्य असावे असे दिसते. मात्र त्या वेळच्या लुइझियानात मलिदा खाण्याला रंग नव्हता. गव्हर्नर हेन्री क्ले वॉर्मथ हा इलिनॉयमधून आलेला गोरा तरुण वयाच्या सव्वीसाव्या वर्षी या पदावर बसला होता आणि पगाराच्या मानाने त्याची संपत्ती फारच भराभर वाढली. भ्रष्टाचाराचा डाग पुढे इतिहासकारांनी बराच काळ काळ्या पुढाऱ्यांच्याच कपाळी लावला, हा भाग वेगळा.

रिपब्लिकन पक्षात लवकरच दोन तट पडले. एकीकडे वॉर्मथ, दुसरीकडे जकात खात्याच्या कचेरीतून सूत्रे हलवणारा 'कस्टम हाउस' गट. या गटाचा म्होरक्या जेम्स केसी हा राष्ट्राध्यक्ष ग्रँटचा साडू होता, त्यामुळे वॉशिंग्टनचे वजन तिकडे होते. लेफ्टनंट गव्हर्नर ऑस्कर डन हा काळ्यांचा सर्वांत आदरणीय पुढारीही वॉर्मथच्या विरोधात होता. नोव्हेंबर १८७१ मध्ये डन अचानक वारला आणि विषप्रयोगाची कुजबुज झाली. वॉर्मथने तातडीने सिनेटचे अधिवेशन बोलावून आपला माणूस म्हणून पिंचबॅकला अध्यक्षपदी बसवले. मते पडली अठरा विरुद्ध सोळा. एक मत विकत घेतल्याचा आरोप तेव्हाच झाला. सिनेटचा अध्यक्ष म्हणून पिंचबॅक आता लेफ्टनंट गव्हर्नर झाला.

डनच्या अनुयायांनी त्याला माफ केले नाही. त्याचा हिशेब मात्र सरळ होता. वॉर्मथला काळ्यांच्या मतांची गरज आहे, तोवर त्याच्याकडून मिळेल ते काढून घ्यायचे. ही गरज १८७२ मध्ये संपली. वॉर्मथ ग्रँटविरोधी 'लिबरल रिपब्लिकनां'ना आणि त्यांच्यामार्फत डेमोक्रॅटांना जाऊन मिळाला. पिंचबॅक ग्रँटच्या पक्षातच राहिला आणि कालचे दोस्त एकमेकांवर उलटले.

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस घडलेला एक प्रसंग एखाद्या चित्रपटाला शोभेल असा आहे. विधिमंडळाने मंजूर केलेली निवडणूक विधेयके वॉर्मथने सही न करता दाबून ठेवली होती, कारण मतमोजणीवरचा त्याचा ताबा त्यांनी जाणार होता. गव्हर्नर राज्याबाहेर असेल तर त्याचे अधिकार लेफ्टनंट गव्हर्नरकडे येत. वॉर्मथ आणि पिंचबॅक दोघेही तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते. आधी लुइझियानाच्या हद्दीत पोचून सह्या केल्या तर विधेयकांचा कायदा होतो, हे ध्यानात येताच पिंचबॅकने गुपचूप गाडी पकडली. तो शहरात दिसत नाही म्हटल्यावर वॉर्मथला संशय आला. त्याने तारा ठोकल्या आणि खास गाडी करून तो मागे निघाला. पिंचबॅक बराच पुढे होता. मिसिसिपी राज्यातल्या कँटन स्टेशनवर रात्री त्याला निरोप आला, तुमची तार आली आहे, कचेरीत येऊन घ्या. तो खाली उतरून आत गेला आणि बाहेरून कुलूप लागले. गाडी निघून गेली. काही वेळाने वॉर्मथची खास गाडी येऊन थांबली. पुढचा प्रवास दोघांनी एकाच गाडीत केला. मुरलेल्या पत्तेबाजाने त्या रात्री मात्र समोरचा पत्ता ओळखला नव्हता.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकनांचा विल्यम केलॉग आणि वॉर्मथ-डेमोक्रॅट युतीचा जॉन मॅकेनरी हे उमेदवार होते. दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा केला. निकाल प्रमाणित करणारी मंडळे एकापेक्षा अधिक झाली, प्रत्येकाचा निकाल वेगळा. गंमत म्हणजे, सहीविना पडून राहिलेल्या निवडणूक विधेयकांपैकी एकावर आता वॉर्मथनेच सही केली, कारण जुने मंडळ मोडून नवे नेमायला त्याला ते सोयीचे होते. मग संघीय न्यायाधीश ड्युरेलने रातोरात हुकूम काढला आणि ६ डिसेंबरला संघीय सैनिकांनी विधिमंडळाची इमारत ताब्यात घेतली. ही इमारत म्हणजे १८६६ ची कत्तल झाली तेच मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट.

९ डिसेंबरला प्रतिनिधी सभेने प्रचंड बहुमताने वॉर्मथवर महाभियोग लावला. लुइझियानाच्या घटनेनुसार महाभियोग लागताच, निकालाची वाट न पाहता, गव्हर्नर निलंबित होत असे. पिंचबॅकने शपथ घेतली. आदल्या रात्री वॉर्मथ आपल्याकडे आला होता आणि साथ दिल्यास पन्नास हजार डॉलर देऊ करत होता, असे त्याने सिनेटमध्ये सांगितले. वॉर्मथने ते नाकारले. तीन दिवसांनी वॉशिंग्टनहून तार आली की ग्रँट सरकार पिंचबॅकलाच कायदेशीर गव्हर्नर मानते.

पाच आठवड्यांत होण्यासारखे ते झाले. विधिमंडळाने केलेल्या दहा विधेयकांचे कायदे झाले, काही नेमणुका झाल्या, वॉर्मथच्या माणसांच्या ताब्यातले शस्त्रागार परत मिळवले गेले. पिंचबॅकला मारण्याच्या धमक्या येत होत्या. १३ जानेवारी १८७३ रोजी त्याने केलॉगच्या हाती सूत्रे दिली. त्याच दिवशी शहरात दुसरीकडे मॅकेनरीनेही गव्हर्नरपदाची शपथ घेतली, म्हणजे राज्याला एकाच वेळी दोन सरकारे झाली. यानंतर अमेरिकेत दुसरा कृष्णवर्णीय गव्हर्नर व्हायला बरोबर ११७ वर्षे लागली. १३ जानेवारी १९९० रोजी डग्लस वाइल्डरने व्हर्जिनियात शपथ घेतली आणि तो लोकांनी निवडून दिलेला पहिला ठरला.

याच १८७३ साली महात्मा फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले. ज्या अमेरिकेला ते पुस्तक वाहिलेले होते ती खरोखरच अस्तित्वात होती. तिच्याशेजारी दुसरीही अमेरिका होती. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या याच वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कचेरीत आसरा घेतलेल्या काळ्यांना वेढले. निदान साठ, कदाचित शंभराहून अधिक माणसे मारली गेली. त्यांतली पुष्कळशी शरण आल्यावर मारली होती. ज्या थोड्यांना शिक्षा झाली, त्यांनाही सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये सोडून दिले.

गव्हर्नरपद सोडताच विधिमंडळाने पिंचबॅकला संघीय सिनेटवर निवडले. तेव्हा सिनेटर लोकांच्या मतांनी नव्हे, राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. शिवाय नोव्हेंबरच्या निवडणुकीवरून तो खालच्या सभागृहातल्या जागेवरही हक्क सांगत होता. दोन्ही सभागृहांचे दरवाजे एकदम ठोठावणारा माणूस विरळाच, आणि दोन्ही बंद झालेले पाहणारा तर त्याहून विरळा. खालच्या सभागृहाने १८७५ मध्ये प्रतिस्पर्ध्याला जागा दिली. सिनेटमध्ये वाद तीन वर्षे चालला. ज्या विधिमंडळाने निवडले तेच वैध होते का, हा जाहीर मुद्दा होता. खासगीत मात्र त्याच्या बायकोला वॉशिंग्टनच्या बैठकींत बोलवावे लागेल याचीही धास्ती होती, असे तेव्हाची वृत्तपत्रे लिहीत होती. ८ मार्च १८७६ रोजी ३२ विरुद्ध २९ मतांनी त्याला प्रवेश नाकारला गेला. तीन वर्षांच्या खर्चापोटी सिनेटने त्याला १६,६६६ डॉलर दिले. निवड अवैध म्हणायची आणि पगाराएवढी रक्कमही द्यायची, यातली विसंगती कुणाला फारशी खटकली नाही.

१८७६ च्या निवडणुकीनंतर लुइझियानात पुन्हा दोन गव्हर्नर झाले. या वेळी नवे राष्ट्राध्यक्ष हेझ यांनी सैन्य मागे घेतले आणि डेमोक्रॅट फ्रान्सिस निकोल्सचे सरकार टिकले. पिंचबॅकने वारा ओळखून आधीच निकोल्सला पाठिंबा दिला होता आणि बदल्यात राज्याच्या शिक्षण मंडळावर जागा मिळवली. जुने सहकारी त्याला गद्दार म्हणाले. १८७९ मध्ये डेमोक्रॅटांच्या बहुमताची नवी घटना परिषद भरली, तेव्हा तोही सभासद होता. १८६८ ची समान शाळांची तरतूद वाचणार नाही हे उघड होते. पिंचबॅक आणि दोन-तीन काळ्या सभासदांनी त्या हरलेल्या डावातून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. काळ्यांसाठी राज्याच्या पैशाने विद्यापीठ काढण्याचे कलम घटनेत आले. न्यू ऑर्लिन्समधल्या जुन्या, सुशिक्षित कृष्णवर्णीय घराण्यांनी यावर टीका केली. वेगळे विद्यापीठ मागणे म्हणजे वेगळेपणाला मान्यता देणे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. मार्च १८८१ मध्ये सदर्न युनिव्हर्सिटी बारा विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. १९१४ मध्ये ती बॅटन रूजजवळ हलली आणि आजही चालू आहे.

त्यानंतरची कारकीर्द उतरणीची. राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी १८८२ मध्ये त्याला न्यू ऑर्लिन्स बंदराच्या जकात खात्यात वरची जागा दिली. डेमोक्रॅट सत्तेवर येताच ती गेली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने कायदा शिकून १८८६ मध्ये वकिलीची सनद घेतली. १८९० मध्ये लुइझियानाने रेल्वेत काळ्या-गोऱ्यांचे डबे वेगळे करणारा कायदा केला. त्याला विरोध करणाऱ्यांत पिंचबॅकही होता. त्या कायद्याविरुद्धचा खटला होमर प्लेसी सर्वोच्च न्यायालयात १८९६ मध्ये हरला. १८९८ च्या नव्या राज्यघटनेने मतदारांवर साक्षरता आणि मालमत्तेच्या अटी घातल्या आणि ज्यांचे बाप-आजे १८६७ पूर्वी मतदार होते त्यांना त्यातून सूट दिली, म्हणजे व्यवहारात गोऱ्यांना. राज्यात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० मध्ये उरले ५,३२०. पिंचबॅक तोवर वॉशिंग्टनला राहायला गेला होता. २१ डिसेंबर १९२१ रोजी तो तिथेच वारला. दफन न्यू ऑर्लिन्सच्या मेटेअरी दफनभूमीत झाले.

त्याच्या वॉशिंग्टनच्या घरात वाढलेला नातू जीन टूमर पुढे नामवंत लेखक झाला. त्याचे 'केन' हे पुस्तक १९२३ मध्ये आले. टूमरला स्वतःला काळा किंवा गोरा यांपैकी काहीच म्हणवून घ्यायचे नव्हते. आजोबांत काळ्यांचे रक्त होते की नाही याचीच त्याने शंका घेतली. पुनर्रचनेच्या काळात मते मिळवण्यासाठी आजोबांनी तसे सांगितले असावे, असे त्याने लिहिले. पिंचबॅक दिसायला गोऱ्यांत सहज खपून जाण्यासारखा होता, हे खरे. गोरा म्हणून राहा, असा आग्रह त्याच्या बहिणीनेही १८६३ मध्ये पत्रातून केला होता. पण काळ्यांच्या पलटणीसाठी तो माणसे गोळा करत होता ते १८६२ मध्ये. तेव्हा लुइझियानात एकाही काळ्या माणसाला मत नव्हते, ते मिळायला आणखी पाच वर्षे जायची होती.